मस्टरवर नाव नसलेल्या बायका

जागतिकीकरण म्हटलं की आपण 1991पासून मोजायला लागतो. मुंबईतल्या कष्टकरी बायकांचा हिशोब त्याच्या बराच आधीचा आहे. कावसजी दावर यांनी 1854 साली ताडदेवला पहिली कापड गिरणी उभारायला घेतली आणि पुढच्या काही दशकांत इथलं सूत बोटींनी चीनला जाऊ लागलं. विकायच्या सुताच्या लडी कराव्या लागत. ते काम रिळिंग खात्यातल्या बायकांचं. त्यांच्यावर देखरेखीला बाई मुकादम, म्हणजे नायकीण, असे. पुढे चीनची बाजारपेठ हातची गेली, तशी या खात्याची गरजही आटत गेली. दूरदेशीच्या मागणीवर परळमधली चूल अवलंबून असणं हे शंभर वर्षांहून जुनं आहे.

1920च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. दिवस भरत आले तरी ती कामावर येई, कारण खाडा म्हणजे पगारकपात. 1919 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा ठराव केला. कामगार नेते ना. म. जोशींनी 1924मध्ये केंद्रीय कायदेमंडळात तसं विधेयक आणलं, पण ते पुढे सरकलं नाही. 1928 साली मुंबई कायदेमंडळात हा विषय आला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 साली कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. भार मात्र मालकावरच राहिला.

मला या सगळ्या इतिहासातली कळीची जागा हीच वाटते. खर्च एकट्या मालकाच्या माथी आला आणि त्याच्या लेखी लग्न झालेली बाई महाग ठरली. त्याच सुमाराला परदेशी स्पर्धेला तोंड देण्यासाठी गिरण्यांत नवी यंत्रं आली, एका माणसाकडे जास्त काम देणं सुरू झालं, आणि रात्रपाळीला बाईला ठेवता येत नव्हतं. खाती एकेक करून बायकांना बंद झाली. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा जे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत बायका अगदी तुरळक होत्या.

मधल्या काळात शहरात औषधांचे कारखाने वाढले. पॅकिंगला तरुण, अविवाहित मुली घ्यायच्या आणि लग्न झालं की कामावरून कमी करायचं, असा नियम अशाच एका कारखान्यात होता. युनियन तो न्यायालयात घेऊन गेली आणि 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा नियम जायला 1981 उजाडलं. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: बाईच्या मातृत्वाची किंमत कोणी मोजायची?

संपानंतर गिरणगावातल्या घराघरांत बाईची कमाई हा मुख्य आधार झाला. प्रेमा पुरव यांनी 1975मध्ये सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं होतं, एरवी त्या सावकाराच्या दारात असत. पण डबे आणि धुणीभांडी करणाऱ्या या बायकांना मस्टर, म्हणजे मालकाचा हजेरीपट, नव्हतं. मस्टर नाही म्हणजे 1929च्या त्या कायद्याची मुलंनातवंडंही त्यांच्यासाठी नव्हती.

अंधेरीला 1973 साली सीप्झ हे निर्यातीसाठीचं उद्योगक्षेत्र उभं राहिलं, त्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडणीला मोठ्या संख्येने मुली लागल्या. 1991नंतर बँका, आयटी, कॉल सेंटर यांत शिकलेल्या मुलींना मुंबईने जे दिलं ते खरंच मोठं होतं: स्वतःचं खातं, स्वतःचं भाडं, रात्री एकटीने घरी परतण्याची सवय. राज्याच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्याने संमती आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रीच्या कामालाही वाट दिली. त्याच वर्षी बाळंतपणाची पगारी रजा 12वरून 26 आठवड्यांवर गेली, पण ती साधारणपणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांत.

धारावीत, गोवंडीत कपड्यांचे धागे कापणारी बाई कोणत्या आस्थापनेत मोजायची? गठ्ठा घरी येतो, मजुरी नगावर मिळते, दुकानदार कोण ते तिला ठाऊक नसतं. पाठ, मान, डोळे तिचे जातात. ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात बर्फाने बधिर होतात आणि माल पुढे परदेशी जातो. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार 1996पासून आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

मधली काही वर्षं तर गर्भाशयाचीच परदेशी मागणी होती. परदेशी जोडपी सरोगसीसाठी मुंबईत येत. 2015मध्ये त्यांना बंदी झाली आणि 2021च्या कायद्याने सगळाच व्यावसायिक व्यवहार थांबवला. या बायका आपलं मूल पोसायला दुसऱ्याचं मूल वाढवत होत्या.

सरकारने भार उचलावा, हे आंबेडकरांचं म्हणणं कायद्याचा हक्क म्हणून असंघटित बाईपर्यंत यायला 2013 उजाडलं. अन्न सुरक्षा कायद्याने किमान 6,000 रुपयांच्या मातृत्व लाभाचा हक्क लिहून दिला. 2017च्या मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी 5,000 रुपये ठरले, तेही हप्त्यांनी, आधार आणि बँक खात्याच्या कागदांसकट. कारखान्यातल्या बाईला 26 आठवड्यांचा पगार, आणि धागे कापणारीला एवढे.