डोळ्याच्या मोरीला बोळा: पंक्टल प्लग म्हणजे काय

डोळ्यात औषधाचा थेंब टाकला की थोड्या वेळाने घशात कडवट चव येते, हे बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. डोळ्यातलं औषध घशात गेलं कुठून? तर त्याला रीतसर वाट आहे. आरशासमोर उभं राहून खालची पापणी नाकाच्या बाजूला जराशी बाहेर ओढून बघा, कडेवर बारीकसा उंचवटा दिसेल आणि त्याच्या मधोमध ठिपक्याएवढं भोक. वरच्या पापणीलाही तसंच एक असतं. रुंदी जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर. तिथून नळी आधी २ मिलिमीटर उभी, मग वळून साधारण ८ मिलिमीटर आडवी, पुढे नाकाशेजारच्या छोट्या पिशवीत आणि तिथून थेट नाकात. रडायला लागलं की नाक वाहतं ते म्हणूनच. (काचबिंदूचे थेंब टाकल्यावर डोळा मिटून हा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरायला सांगतात ना, ते याचसाठी. टिमोलॉलसारखं औषध नाकावाटे रक्तात गेलं तर दमेकऱ्याला भारी पडू शकतं.)

पंक्टल प्लग म्हणजे कोरड्या पडणाऱ्या डोळ्यांसाठी या भोकाला बसवलेलं बूच. मोरीला बोळा कोंबला की पाणी तुंबतं, तत्त्व एवढंच. डोळ्यात एका वेळी पाणी असतं तरी किती, साधारण ७ मायक्रोलिटर, बाटलीतून पडणारा एक थेंबसुद्धा त्याच्या चार-पाच पट असतो, त्यामुळे आपण टाकलेले ड्रॉप्स बरेचसे गालावर नाहीतर नाकात जातात. मग बाहेरून ओतत बसण्यापेक्षा आहे तेच पाणी अडवलं तर? आयडिया चांगलीच आहे, फक्त ती सगळ्यांना लागू पडत नाही आणि लोक नेमके इथेच फसतात.

कारण डोळे कोरडे पडण्याचे दोन मुख्य प्रकार. एकात अश्रूग्रंथी पाणीच कमी बनवतात, उदाहरणार्थ श्योग्रेन सिंड्रोममध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तेव्हा. संधिवाताच्या (र्‍हुमॅटॉइडवाल्या) पेशंटमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं. दुसऱ्यात पाणी असतं पण टिकत नाही, कारण पापण्यांच्या कडेला ज्या तेलाच्या ग्रंथी असतात त्या तुंबलेल्या असतात, पाण्यावर तेलाचा थर नीट बसत नाही आणि ते उडून जातं. दुसरा प्रकार जास्त कॉमन, स्क्रीनकडे टक लावून पापण्या कमी मिटणारे आपण बहुतेक याच वाटेवर. इथे खाली बूच लावून वरून उडणारं पाणी थोडंच थांबणार? पापण्या शेकणं, हलका मसाज, कडा स्वच्छ ठेवणं हे आधी करायला लागतं. आणि डोळ्याला सूज असेल तर सूज वाढवणारी रसायनं त्याच पाण्यात असतात, ती तुंबवून ठेवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, म्हणून बरेच डॉक्टर आधी सायक्लोस्पोरिनसारखे थेंब देऊन सूज उतरवतात आणि मगच प्लगचं बघतात.

कुठला प्रकार आहे हे कळायला दोन साध्या टेस्ट. टीपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून ५ मिनिटं बसायचं आणि किती मिलिमीटर ओली झाली ते मोजायचं, ही ओटो शिर्मरची १९०३ ची टेस्ट. ५ च्या आत म्हणजे पाणी खरंच कमी. दुसरीत डोळ्यात पिवळा रंग सोडून निळ्या उजेडात पापणी न मिटता पाण्याचा थर किती सेकंदांत फाटतो ते बघतात, १० सेकंदांच्या आत फाटला तर थर टिकत नाहीये असं समजायचं.

हे भोक बुजवायची कल्पना जुनी आहे. १९३५ मध्ये बीटहॅम नावाच्या डॉक्टरने ते चक्क डाग देऊन बंद केलं होतं, १९६१ मध्ये फाउल्ड्स या डॉक्टरने नळीत विरघळणाऱ्या जिलेटिनच्या काड्या घातल्या, आणि १९७५ मध्ये अमेरिकेतल्या फ्रीमनने सिलिकॉनचा प्लग आणला. आजचे बरेचसे त्याचेच भाऊबंद.

बसवणं म्हणाल तर ऑपरेशन वगैरे काही नाही. स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणारं डॉक्टरांचं यंत्र) हनुवटी टेकवून बसायचं, बधिर करणारा थेंब, भोकाचं माप घ्यायचं, गरज पडली तर ते किंचित रुंद करायचं, आणि छोट्या हत्याराच्या टोकावरचा प्लग आत सरकवून सोडायचा. क्षणभर दाब जाणवतो, बस्स. काही मिनिटांत उठून घरी, पट्टी नाही. सिलिकॉनच्या प्लगची टोपी बाहेर राहते, नीट बघितलं तर पांढरा ठिपका दिसतो. बरेच जण आधी कोलॅजेनचा प्लग घालून बघतात, तो काही दिवसांत आपोआप विरघळतो, फरक पडला तर मग सिलिकॉन. मला हाच क्रम शहाणपणाचा वाटतो. सहसा सुरुवात खालच्या पापण्यांपासून होते.

तक्रारी येतात. सगळ्यात जास्त वेळा होतं ते म्हणजे प्लग निघून पडतो, डोळे चोळायची सवय असेल तर लवकरच. कुणाला टोपी टोचते, कुणाचे डोळे उलट घळाघळा वाहायला लागतात. टोपीवाला प्लग चिमट्याने काढता येतो. पूर्ण आत बसणारा प्लग दिसत नाही, सलाइनने ढकलून नाकाकडे काढावा लागतो, आणि तिथे इन्फेक्शन झालं तर नळी सुजते, क्वचित छोटं ऑपरेशनही लागतं. आत बसणारा घेण्याआधी याचा विचार केलेला बरा.

गुण किती येतो? २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात (उपचारांवरचे अभ्यास तपासणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था) सगळे अभ्यास एकत्र ठेवून बघितले तर ठाम निष्कर्ष निघाला नाही, अभ्यास लहान आणि पद्धती वेगवेगळ्या. तरी पाणी खरंच कमी असलेल्या पेशंटला आराम पडतो हे नेत्रतज्ज्ञ रोज बघतात, म्हणून ड्रॉप्सने भागलं नाही की पुढच्या पायरीवर प्लग येतो.

याच भोकाचा आणखी एक उपयोग निघालाय. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) भरलेल्या प्लगसारख्या इन्सर्टला मान्यता दिली, डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी. तो खालच्या पापणीच्या नळीत ठेवतात, साधारण ३० दिवस औषध हळूहळू डोळ्यात झिरपतं आणि नंतर तो आपोआप विरून जातो, काढायला परत जावं लागत नाही.