हजार वर्षांची साकुरा: जुनी झाडं बघायला जपानला येणाऱ्या मंडळींसाठी

साकुरा म्हणजे जपानी चेरीची झाडं आणि त्यांचा बहर. साकुरा टूर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं ते टोकियो-क्योटोतलं दृश्य: कालव्याकाठी ओळीने फुललेली झाडं आणि त्यांच्याखाली निळ्या प्लॅस्टिकवर डबे उघडून बसलेली माणसं. आमच्या सहलीत तेही एखाद्या संध्याकाळी बघायला मिळेल. पण मुख्य कार्यक्रम आहे तो तीन झाडं बघण्याचा. तीन म्हणजे तीनच. पैसे भरण्याआधी हे पत्रक घरातल्या सगळ्यांनी वाचावं, कारण "एका झाडासाठी एवढं लांब आणलंत?" हा प्रश्न तिथे पोचल्यावर विचारण्यापेक्षा इथे विचारलेला बरा.

शहरात जी साकुरा दिसते ती बहुतेक सोमेई-योशिनो जातीची. एकोणिसाव्या शतकात एदोजवळच्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, सोमेई भागातल्या रोपवाटिकांमधून ती पसरली. सगळी झाडं कलमं करून वाढवलेली, म्हणून एका भागातली सगळी जवळपास एकदम फुलतात. पण या जातीला फार आयुष्य नाही. शेकडो वर्षं टिकते ती एदोहिगान जात, आणि आपली तिन्ही झाडं त्याच कुळातली. १९२२ साली जपान सरकारने तिघांनाही राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. 'जपानची तीन थोर साकुरा' असं त्यांना म्हणतात. त्यांची वयं मात्र दंतकथेच्या हिशेबाने सांगितली जातात, हे लक्षात ठेवा.

जिंदाई-झाकुरा, यामानाशी

होकुतो शहरातल्या जिस्सोजी मंदिराच्या आवारात हे झाड आहे. वय १,८०० ते २,००० वर्षं सांगतात. यामातो ताकेरू या पुराणातल्या राजपुत्राने ते लावलं अशी आख्यायिका आहे. आधीच सांगतो, डोक्यावर फुलांचं छत असेल अशा अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. उंची जेमतेम दहा मीटर. बघायचं ते खोड. घेर ११.८ मीटर, गाठीगाठींचं, जागोजागी पोखरलेलं, आणि त्यातूनच निघालेल्या कोवळ्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुलं. काही वर्षांपूर्वी हे झाड खंगत चाललं होतं, तेव्हा मुळांभोवतीची माती टप्प्याटप्प्याने काढून नवी भरली. जपानमध्ये परीक्षा देऊन 'झाडांचा डॉक्टर' होता येतं, त्यामुळे अशी कामं जाणकारांच्या हातून होतात. या झाडाच्या बिया २००८ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाठवल्या होत्या. त्यांतल्या एका बीचं झाडही याच आवारात उभं आहे. मागे बर्फाचे डोंगर, खाली डॅफोडिलची पिवळी-पांढरी फुलं. फोटो चांगला येतोच.

उसुझुमी-झाकुरा, गिफू

आमचं सगळ्यात आवडतं झाड हेच. वय १,५०० वर्षांहून जास्त, उंची सोळा मीटरच्या वर. कळ्या गुलाबी, पूर्ण फुलल्यावर पांढरी आणि गळायच्या सुमारास पाणी घातलेल्या शाईसारखी राखाडी. म्हणून बहर उतरणीला लागला असला तरी इथली फेरी फुकट जात नाही. उलट तो रंग तेव्हाच दिसतो.

हे झाड एकदा जवळजवळ गेलंच होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते वाळायला लागलं. तेव्हा गिफूतले दातांचे डॉक्टर तोशियुकी माएदा यांनी १९४९ मध्ये रानटी साकुराच्या तरुण रोपांची २३८ मुळं त्याच्या मुळांवर कलम केली. झाड पुन्हा फुललं. १९५९ च्या इसे-वान वादळात फांद्या मोडल्या, पुन्हा डागडुजी झाली. आज फांद्यांखाली लाकडी टेकू दिसतात, आपल्याकडे केळीच्या घडाला देतात तसेच, फक्त आकाराने कितीतरी मोठे. काहींना ते बघून वाईट वाटतं. आम्हाला विचाराल तर टेकू नीट बघा, कारण झाड अजून उभं आहे ते त्यांच्या जोरावर.

ओगाकीहून तारुमी रेल्वेची छोटी गाडी नदीच्या काठाकाठाने शेवटच्या तारुमी स्टेशनपर्यंत जाते. तिथून पुढे साधारण पंधरा मिनिटांची चढाची चाल. गुडघे दुखत असतील तर नोंदणीच्या वेळीच सांगा, गाडीची सोय करता येते.

मिहारू ताकीझाकुरा, फुकुशिमा

तिघांत दिसायला देखणं हे. वय हजार वर्षांच्या वर, फांद्या पूर्व-पश्चिम सुमारे पंचवीस मीटर पसरलेल्या आणि वरून धबधब्यासारख्या झुकलेल्या. 'ताकी' म्हणजे धबधबाच. खालच्या उतारावर मोहरीच्या जातीची पिवळी फुलं. टोकियोहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कोरियामा, तिथून छोट्या गाडीने मिहारू, आणि बहराच्या दिवसांत स्टेशनवरून बस. रविवारी गर्दी प्रचंड असते, म्हणून आम्ही शक्यतो आडवारी जातो.

बहराची हमी देता का?

नाही. आणि कुणी देत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या.

सर्वसाधारणपणे जिंदाई मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, उसुझुमी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ताकीझाकुरा एप्रिलच्या मध्यावर फुलतं. थंडी लांबली तर पुढे, मार्च उबदार गेला तर मागे. टीव्हीवर टोकियोचा बहर जाहीर होतो तो यासुकुनी देवळातल्या ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की. तिथून पूर्ण बहराला साधारण आठवडा. पण आपली झाडं डोंगराळ भागात आणि वेगळ्या जातीची, त्यामुळे तो आकडा थेट लावू नका. म्हणून आम्ही कार्यक्रमात एक-दोन दिवस मोकळे ठेवतो आणि झाडांचा क्रम तिथे गेल्यावर बदलतो. तिन्ही ऐन भरात मिळाली तर नशीब. दोन भरात आणि एक अर्धवट, असं धरून चाला. फुलं गळाली म्हणून पैसे परत मिळत नाहीत.

मुलांच्या परीक्षांमुळे एप्रिलमध्ये जमत नसेल तर गिफूच्याच डोंगरातली शोकावा-झाकुरा सुचवतो. सुमारे साडेचारशे वर्षांची ही दोन झाडं मिबोरो धरणात बुडणार होती. १९६० मध्ये ती मुळांसकट उचलून वरच्या उतारावर लावली आणि जगली. ती एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला फुलतात. फक्त तेव्हा जपानमध्ये सुट्ट्यांचा आठवडा असतो, खोल्या महाग पडतात.

तिथे वागताना

या झाडांखाली चटई टाकून बसता येत नाही. कुंपणाच्या आत एक पाऊलही नको, कारण मातीवर पडणारा भार मुळांना मारतो. साडी नेसून फोटो जरूर काढा, फांदी खाली ओढून नको. पडलेली पाकळी उचलायला हरकत नाही, फूल तोडायचं नाही.

सामान, जेवण, कागदपत्रं

सकाळी-रात्री डोंगरात पाच अंशांच्या आसपास थंडी असते. स्वेटर, मोजे आणि पावसाचं जॅकेट हवंच. गावाकडे कार्ड चालेलच असं नाही, सुटे येन जवळ ठेवा.

शाकाहारींनी नीट ऐका: नुसत्या भाज्यांचं दिसणारं सूप किंवा नूडल्ससुद्धा बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या पाण्यात केलेली असतात. शहरात पर्याय मिळतात, या गावांत कमी. भात, तोफू, फळं मिळतील. मेतकूट, चटण्या, खाकरा, थेपले सोबत घ्या. आंबा मात्र नेऊ नका, कितीही मोह झाला तरी. प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं-भाज्या विमानतळावर काढून घेतात.

व्हिसा लागतो. अर्ज आम्ही भरून देतो, पण पासपोर्ट, फोटो, बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं जानेवारीअखेरपर्यंत आमच्या हातात हवीत. गुडघे, साखर, रक्तदाब, झोपेच्या गोळ्या, जे असेल ते फॉर्मवर लिहा आणि औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.