पत्रा की स्लॅब: कॅरिबियन घरांच्या छपरामागची पार्श्वभूमी

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा वादळ ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाने जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर धडकले. ब्लॅक रिव्हर आणि आसपासच्या भागात छपरांची दाणादाण उडाली, आणि एक जुना सल्ला पुन्हा जोरात दिला जाऊ लागला: घर लहान बांधा, पण वर स्लॅब टाका. त्याच्या जोडीला नेहमीची यादी असतेच. छप्पर चौपाखी ठेवा, वासे पट्टीने जखडा, खिळ्याऐवजी स्क्रू वापरा, खिडकीला ग्रिल लावा, विमा उतरवा. या यादीतला एकेक सल्ला कुठल्या ना कुठल्या संकटानंतर आलेला आहे. अडचण अशी की सगळी संकटे एकाच जातीची नव्हती.

फार मागे जायचे कारण नाही. स्पॅनिश लोकांनी जमैकात खांब जमिनीत पुरून बसकी, एकमजली घरे बांधली होती. त्यांच्यानंतर आलेल्या इंग्रजांनी पोर्ट रॉयलच्या वाळूवर विटांचे मजले चढवले. ७ जून १६९२ च्या भूकंपाने त्यांचा हिशेब केला. पुढची दोन शतके मळ्यांची. त्या काळातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट बार्बाडोसची. १८३८ मध्ये गुलामगिरीतून पूर्ण मोकळ्या झालेल्या मजुराला स्वतःचे घर बांधता येत होते, पण त्याखालची जमीन मळेवाल्याची. मालकाशी बिनसले की जागा सोडावी लागे. त्यामुळे घर फळ्यांचे, सुटे करून गाडीवर लादता येईल असे, आणि पाया म्हणजे नुसते रचून ठेवलेले प्रवाळी दगड. छप्पर दुपाखी, चांगल्या उताराचे, वळचण जवळजवळ नाही, खिडक्यांना लाकडी झडपा. वाऱ्याच्या दृष्टीने आजचा अभियंताही यात फारसे काही बदलणार नाही. एकच उणीव होती: घर जमिनीला जखडलेले नव्हते, आणि परक्याच्या जमिनीवर ते जखडणे शक्यच नव्हते. भाडेकरूला आपल्या पायाखालचा तुकडा विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा तिथे थेट १९८० मध्ये आला. हक्काची जमीन मिळाली की माणूस पहिल्यांदा ब्लॉकची भिंत उभारतो. तिथेही तेच झाले.

ग्रिलची गोष्ट त्याच्या थोडी आधीची. १९५० आणि ६० च्या दशकांत शहरांभोवती ओळीने नव्या वसाहती उठल्या. तिथल्या घरांत लाकडी झडपा जाऊन काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या खिडक्या आल्या. वारा छान खेळायचा, पण बाहेरून एकेक पट्टी सरकवून काढणे चोराला दोन मिनिटांचे काम. १९७० च्या दशकात जमैकात गुन्हे वाढले तसा किंग्स्टनच्या वेल्डरांचा धंदा वाढला. खिडकीला ग्रिल, व्हरांड्याला ग्रिल, दाराबाहेर आणखी एक ग्रिलचे दार. त्यात दोन गोष्टी निसटल्या. झडप चोर आणि वादळ दोघांनाही अडवत असे. ग्रिल फक्त चोराला अडवते, उडत आलेली फांदी किंवा पत्रा गजांच्या आत घुसतोच. शिवाय ग्रिल बाहेरून भिंतीलगत बसवले की वादळाच्या आदल्या दिवशी प्लायवूड ठोकायला जागाच उरत नाही. आग लागली की आतला माणूस बाहेर कसा पडणार, हा प्रश्न वेगळाच. प्रत्येक झोपायच्या खोलीत निदान एक ग्रिल बिजागरीवर, आतून उघडणारे आणि किल्ली हाताशी असलेले हवे, असे आता सांगितले जाते. हे तेव्हाच का सुचले नाही, असे विचारणे सोपे आहे. तेव्हा लोकांना भीती चोराची होती, वादळाची नव्हती. किंग्स्टनला मोठा तडाखा देणारे वादळ १९५१ चे, आणि ते पाहिलेले सुतार म्हातारे झाले होते.

मग १२ सप्टेंबर १९८८ ला जमैकावर गिल्बर्ट वादळ आले. बेटाच्या पूर्व टोकाला शिरून ते लांबीने पश्चिमेपर्यंत गेले, त्यामुळे जवळपास कुठलाच जिल्हा सुटला नाही. पुढच्याच वर्षी, १९८९ च्या सप्टेंबरात, ह्यूगो वादळाने माँटसेरात बेटावर दहापैकी नऊहून अधिक घरांची नासधूस केली. आजचे व्यवहारी शहाणपण म्हणतात ते बहुतेक या दोन वर्षांतले आहे. एरवी छप्पर ‘उडाले’ एवढेच लिहून विषय संपतो. या वेळी पडलेल्या घरांतून फिरून ते नेमके कुठून सुटले हे नोंदवले गेले.

सुटायच्या जागा ठरलेल्या होत्या. वारा छपराला दाबत नाही, वर ओढतो, आणि ती ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी सगळ्यात जास्त असते. पातळ पत्रा, त्याला दूर दूर मारलेले गुळगुळीत खिळे, खाली विरळ रिपा. एका कडेचा पत्रा उचकटला की पुढचे आपोआप जातात. त्याच्याही खाली खरी गोम होती: वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडावर टेकवून बाजूने एक-दोन तिरपे खिळे मारलेले. वजन खाली पेलायला ते पुरेसे, वर जाणारी ओढ रोखायला कुचकामी. त्यात वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली की हवा आत शिरून छपराला खालूनही ढकलते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट, हे विसरून अंदाजाने मारलेला खिळा तिथे टिकणार कसा?

त्यावरचा उपाय काही रुपयांच्या नव्हे, पण घराच्या खर्चात न दिसणाऱ्या किमतीचा: जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी. ती वाशावरून घेऊन खालच्या लाकडाला ठोकायची, ते लाकूड बोल्टने भिंतीवरच्या काँक्रीट बीममध्ये, आणि बीमच्या सळया कॉलममधून पायापर्यंत. साखळी कुठेच तुटता कामा नये. याच काळात बाकीची कलमेही पक्की झाली. पत्रा २४ गेज जाडीचा. कडांना आणि आढ्याला प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधल्या भागात थोडे विरळ चालतील. उतार २० ते ४० अंशांच्या दरम्यान, कारण सपाट छपराला वारा जास्त ओढतो. वळचण दीड फुटाच्या आत. व्हरांड्याचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे, म्हणजे गेले तर ते एकटेच जाईल. कामावर मात्र अजूनही पाहायला मिळते की पट्टीला भोके सहा आणि खिळे दोन. समुद्रकाठी खारी हवा ती पट्टी काही वर्षांत खाते, आणि आतून सिलिंग मारलेले असल्याने कुणाला पत्ता लागत नाही.

आता मूळ वादाकडे. स्लॅबचे एक चौरस मीटर सुमारे ३०० किलो भरते, पत्र्याचे जेमतेम पाच-सहा. वारा स्लॅब सहसा उचलत नाही, हे खरेच. प्वेर्तो रिकोत १९२८ आणि १९३२ च्या वादळांनंतर काँक्रीटकडे कल वाढत गेला. २०१७ च्या मारिया वादळात लाकूड-पत्र्याची घरे उघडी पडली आणि काँक्रीटची पुष्कळशी उभी राहिली. मुद्दा सिद्ध झाला असे वाटले. पुढे ७ जानेवारी २०२० ला दक्षिण किनाऱ्यावर ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला. ग्वानिका, ग्वायानिया भागात खाली नुसते खांब आणि वर जड काँक्रीटचे घर अशी जी बांधणी होती, तिचे खांब मोडले आणि घरे खाली बसली. वाऱ्यात उपयोगी पडलेले वजनच इथे मुळावर आले.

हैतीचा दाखला याहून कडवट आहे. १७७० च्या भूकंपानंतर पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी नुसत्या दगड-विटांच्या बांधकामाला मनाई केली; लाकूड वापरा, किंवा लाकडी सांगाड्यात भिंत भरा, असा हुकूम. त्या वळणावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नक्षीदार लाकडी घरे उभी राहिली. १९२५ मध्ये शहराच्या महापौराने आगीच्या भीतीने उलटा हुकूम काढला: नवे बांधकाम दगड-विटांचे, काँक्रीटचे किंवा लोखंडाचेच. आग लागायची, त्यामुळे निर्णय अगदी बिनबुडाचा नव्हता. पण काँक्रीट म्हटले की पुरेशी सळई, धुतलेली वाळू आणि पुरेसे सिमेंट हवे. गरिबाच्या घरात यातले काय काय होते? पोकळ ब्लॉकच्या कमकुवत भिंती, बारीक सळया, आणि वर स्लॅब. पुढे कधीतरी मजला चढवू म्हणून वर सोडलेल्या सळया पावसात गंजत. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात या स्लॅबखाली किमान लाखभर माणसे गेली. जुनी लाकडी घरे खिळखिळी झाली, पण त्यांतली बरीच उभी राहिली. एका आगीच्या भीतीने एका शहराची भूकंपाची आठवण पुसली, असे माझे स्पष्ट मत आहे. आज स्लॅबचा सरसकट सल्ला देणारे तेच पुन्हा करत आहेत.

माँटसेरातमध्ये तर तिसरेच संकट आले. ह्यूगोनंतर डागडुजी होते न होते तोच जुलै १९९५ मध्ये ज्वालामुखी जागा झाला. सपाट छपरावर साठलेली राख पाऊस पडला की बरीच जड होते. तीव्र उतार असेल तर तीच घसरून जाते. २०२१ च्या एप्रिलमध्ये सेंट व्हिन्सेंटलाही राखेने छपरे बसवली. बहामाच्या अबाको बेटावर सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन वादळाने सहा मीटरच्या घरात पाणी चढवले, तिथे छप्पर कशाचे हा प्रश्नच उरला नाही.

तोडगा नाही असे नाही. काँक्रीटच्या कॉलम-बीममध्ये घट्ट बांधलेली भिंत, वर नीट जखडलेले हलके चौपाखी छप्पर, आणि घरात एक लहान खोली, बहुधा न्हाणीघर, स्लॅबची. वादळात सगळ्यांनी तिथे बसायचे. दोन्ही संकटे धरून विचार करणारे अभियंते हेच सांगतात. यात मिरवण्यासारखे काही नाही, म्हणूनच बहुधा ते मागे पडते.

नियम नव्हते म्हणून हे घडले, असेही म्हणता येत नाही. १९८५ मध्ये, गिल्बर्टच्या तीन वर्षे आधी, इंग्रजीभाषक बेटांसाठी एक सामाईक बांधकाम संहिता तयार झाली होती. वारा आणि भूकंप दोन्ही तिच्यात होते. पण ती नमुना म्हणून दिली गेली. कायदा करायचा की नाही हे ज्या-त्या सरकारावर सोडले. बहुतेकांनी कपाटात ठेवली. सक्ती केली तर गरिबाचे घर बेकायदा ठरेल, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच खोटा नव्हता, पण सोयीचाही होता. जमैकाचा नवा बांधकाम कायदा २०१८ चा. त्याआधी तिथे १९०८ च्या कायद्यावर भागवले जात होते. ग्रेनेडाने याची किंमत ७ सप्टेंबर २००४ ला मोजली. १९५५ च्या जॅनेटनंतर तिथे तसे वादळ आले नव्हते, आपण वादळांच्या पट्ट्याच्या खाली, दक्षिणेला आहोत असा समज झाला होता. आयव्हनने दहापैकी सुमारे नऊ घरांना हात लावला, पंतप्रधानांचे निवासस्थानही सोडले नाही. २०१७ मध्ये डॉमिनिकात मारियाने तिथल्या पंतप्रधानांच्या घराचे छप्पर नेले. २०२४ च्या १ जुलैला बेरिलने ग्रेनेडाच्याच कारियाकूवर तोच प्रकार केला, तोही हंगाम नुकताच सुरू झालेला असताना.

जमिनीच्या कागदाचा मुद्दाही जुनाच. गुलामगिरीनंतर ज्यांना जमीन मिळाली त्यांनी ती बहुतेक ठिकाणी वाटली नाही. ती सगळ्या कुटुंबाची राहिली, परदेशी गेलेल्या चुलत्याचीही. कुणाला हाकलता येत नाही ही तिची ताकद, आणि बँकेत तारण ठेवता येत नाही ही अडचण. बार्बुडात तर सगळी जमीन सामाईक होती आणि २००७ च्या कायद्याने ती तशी मान्यही झाली होती. २०१७ मध्ये इर्मानंतर सगळे बेट रिकामे केले गेले. लोक अजून परतत असतानाच तो कायदा बदलायला घेतला. २०२२ मध्ये शेवटच्या अपिलातही निकाल बेटवासीयांच्या विरोधात गेला.

विम्याचे दर १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर चढले, कारण कॅरिबियनमधल्या विमा कंपन्यांची जोखीम उचलणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. वादळ आणि भूकंपासाठी विमा रकमेच्या साधारण २ टक्के नुकसान मालकाने स्वतः सोसायचे, हे कलम तिथे सर्रास असते. तीन लाख डॉलरचा विमा असेल तर पहिले सहा हजार त्याचे. त्याहून जास्त लोक फसतात ते दुसऱ्या कलमात: हप्ता वाचवायला घर पुन्हा बांधायच्या निम्म्या खर्चाएवढाच विमा उतरवला, तर नुसते छप्पर गेले तरी भरपाई निम्मीच मिळते.