पाळलेल्या सॅमनमध्ये अँटिबायोटिक ठासून भरलेलं असतं?

हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. १९८७ सालच्या नॉर्वेत त्यात तथ्य होतं. त्या वर्षी मत्स्यशेतीत जवळपास ५० टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. पुढे व्हिब्रिओसिस आणि फुरुंक्युलोसिस या जिवाणूजन्य रोगांवर चांगल्या लशी आल्या. समुद्रातल्या पिंजऱ्यात सोडण्याआधी पिल्लांना गुंगी देऊन पोटात सुई टोचतात. हो, एकेका माशाला! उत्पादन कित्येक पटींनी वाढलं, तरी तिथला वापर अलीकडे वर्षाला एका टनाच्या आतच राहिलाय.

चिलीचं मात्र तसं नाही. तिथला पिसिरिकेट्सिया हा जिवाणू माशाच्या पेशींच्या आत दडतो, लस पुरी पडत नाही, म्हणून अजूनही शेकडो टन औषध लागतं. सगळ्याच सॅमनला एका माळेत ओवणं चुकीचं आहे. पाकिटावरचा देश आधी वाचा.