कॉम्प्रेशन सॉक्स घोट्यापाशीच जास्त घट्ट का?

कॉम्प्रेशन सॉक्स, म्हणजे पायाला आवळून दाब देणारे मोजे, पहिल्यांदा चढवताना खरी झटापट टाच आणि घोट्यापाशी होते, वर पोटरीवर आलं की मात्र एकदम सैल वाटतं. बऱ्याच जणांना वाटतं माप चुकलं. पण हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो आणि तो सुचायला माणसाला दोन हजारांवर वर्षं लागली.

पायाला घट्ट पट्टी बांधणं फार जुनं, हिप्पोक्रेटिसच्या काळातले ग्रीक वैद्यसुद्धा पायाच्या चिघळलेल्या जखमांवर पट्ट्या गुंडाळायचे. गुण का येतो ते मात्र कळत नव्हतं. 1603 मध्ये इटलीतला शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियस याने शिरांमधल्या झडपांची चित्रं छापली, आणि त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने 1628 मध्ये रक्त फिरून हृदयाकडे परत येतं हे दाखवलं, तेव्हा कुठे उलगडा व्हायला लागला.

म्हणजे बघा, नुसतं उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेत साधारण 80 ते 90 मिलिमीटर पारा (ब्लड प्रेशर मोजतात तेच माप) एवढा दाब असतो, हृदयापासून खालपर्यंतच्या रक्ताचा सगळा भार तिथेच येतो ना. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, झडपा ते मागे येऊ देत नाहीत आणि दाब झपाट्याने उतरतो. पण शीर फुगली की झडपेच्या पाकळ्या एकमेकींना टेकतच नाहीत, मग रक्त खाली साचतं, त्याने शीर आणखी फुगते, असं ते चक्रच सुरू होतं. बाहेरून दाब दिला की शीर अरुंद होते आणि पाकळ्या परत मिटायला मदत होते.

पट्टीची अडचण एकच, ती सैल होते. सतराव्या शतकात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा सर्जन रिचर्ड वाइजमन याने नाडी ओवून आवळायचे चामडी मोजे वापरले. पुढे अमेरिकन संशोधक चार्ल्स गुडइयरने रबर टिकाऊ केलं आणि 1848 मध्ये विल्यम ब्राउनने इलॅस्टिक मोज्यांचं पेटंट घेतलं.

मला सगळ्यात भावतो तो कॉनराड जॉब्स्ट. हा इंजिनियर, स्वतः शिरांच्या दुखण्याने बेजार. स्विमिंग पूलमध्ये उभं राहिलं की पाय हलके व्हायचे. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे घोट्याला सगळ्यात जास्त आणि वर कमी कमी, हे त्याने ओळखलं आणि तसाच दाब मोज्यात आणला. 1950 च्या सुमारास अमेरिकेत ओहायोतल्या टोलिडोला हे काम उभं राहिलं.

आज पाकिटावर 15-20, 20-30, 30-40 असे आकडे असतात, तो घोट्यापाशी मिळणारा दाब, मिलिमीटर पाऱ्यातच. सॉक्सने सूज आणि पाय भरून येणं कमी होतं, बिघडलेली झडप मात्र दुरुस्त होत नाही. आणि पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घालूच नका, कारण तिथे मुळात पायाकडे येणारं रक्तच कमी असतं, त्यात वरून आवळलं तर उलट इजा होऊ शकते.