जाड म्हणायचं नाही म्हणून

'फॅट' हा इंग्रजीचा अगदी घरचा, जुना शब्द. तोंडावर म्हटला की समोरचा दुखावणारच. मग सभ्य मंडळींनी फ्रेंचकडे उसनवारी केली. गंमत अशी की तिथून आलेल्या कित्येक शब्दांचा मुळात चरबीशी संबंधच नव्हता.

'आंबोंप्वां' घ्या. भरलेल्या, गुबगुबीत अंगासाठी, त्यातही बाईच्या, हा शब्द इंग्रजीत आला तो सतराव्या शतकात. फ्रेंचमध्ये हे आधी तीन सुटे शब्द होते: 'आं बों प्वां', म्हणजे चांगल्या स्थितीत. अंग धरलेल्या माणसाला आपण 'तब्येत सुधारली हो तुमची!' म्हणतो, त्यातलाच प्रकार. उलट अर्थाचा 'माल आं प्वां', म्हणजे हालत खराब, फ्रेंच लोक आजही वापरतात. तीन शब्द जोडल्याची खूण स्पेलिंगमध्ये शिल्लक आहे. फ्रेंचमध्ये 'बी' आणि 'पी'च्या आधी 'एन' येत नाही, 'एम' येतो. या शब्दात 'बी'आधी 'एम' आहे, 'पी'आधी मात्र 'एन' तसाच राहिला. शुद्धलेखनातला हा नामांकित अपवाद!

'स्टाउट'ची घसरण तर बघण्यासारखी. जुन्या फ्रेंचमध्ये अर्थ शूर, गर्विष्ठ. इंग्रजीत शूरचा दणकट झाला, कडक बिअरलाही तेच नाव पडलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो ढेरपोट्यांच्या वाट्याला आला. 'पोर्टली'मध्ये आधी होता तो रुबाब.

असं का होतं? सौम्य शब्द काही काळ झाकपाक करतो, मग झाकलेल्या गोष्टीचाच वास त्याला लागतो आणि नवा शब्द शोधावा लागतो. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर याला 'युफेमिझम ट्रेडमिल' म्हणतात. माझ्या मते या शब्दांची गत त्याहून वाईट: ते झाकायला जन्मलेलेच नव्हते, चक्क कौतुकाचे होते.

अपवाद 'अव्हार्दुपॉइज'. जुन्या फ्रेंचमध्ये वजनावर विकायचा माल. 16 औंसांचा, 453.59 ग्रॅमचा पौंड याच नावाच्या वजनमापाच्या पद्धतीतला. त्यातला 'दु'सुद्धा चुकीचा; मूळ 'द' होता, सतराव्या शतकात तो बदलला गेला. पुढे इंग्रजांनी माणसाच्या वाढलेल्या वजनालाही थट्टेनं हेच नाव दिलं. इथे कौतुक नाही, थेट तराजू.