मागील सुसंगतता (कमांड-लाइन टूल)

कमांड-लाइन टूलची, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती आली तरी त्यावर आधीपासून विसंबलेल्या स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइली) पूर्वीसारख्याच चालत राहणे, याला त्या टूलची मागील सुसंगतता म्हणतात.

पडद्यावरच्या मजकुरात एखादा शब्द बदलला तरी माणसाला अर्थ लागतो. स्क्रिप्ट मात्र दुसऱ्या स्तंभातला आकडा उचलते, ठरावीक शब्द शोधते किंवा एक्झिट कोड (काम संपताना टूल देते तो आकडा) पाहून पुढची वाट धरते. मजकुरात शोध घेणाऱ्या ‘ग्रेप’ला जुळणारी ओळ सापडली तर ते ०, न सापडल्यास १ आणि चूक झाल्यास २ असा कोड देते. ‘सापडले नाही’ आणि ‘शोधताच आले नाही’ यांतला हा भेद पुसला गेला, तर न वाचता आलेली फाइल निर्दोष समजून स्क्रिप्ट पुढे निघून जाईल. म्हणूनच ऑप्शनची (आज्ञेला जोडून तिचे वर्तन बदलणाऱ्या शब्दांची) नावे, आउटपुटची मांडणी, कोणता संदेश कोणत्या प्रवाहात (निकालाच्या की एररच्या) जातो, हे सारे मॅन्युअलमध्ये नोंदलेले नसले तरी बंधनकारक मानावे लागते.

नवा ऑप्शन वाढवणे सर्वांत निर्धोक वाटते. तेही पूर्ण खरे नाही. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या पद्धतीत लांब ऑप्शन संदिग्ध होत नसेल तोवर तोडून लिहिता येतो. ‘व्हर्बोज’साठी कोणी ‘व्हर्ब’ एवढेच लिहिले असेल आणि पुढे त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा ऑप्शन आला, तर जुनी ओळ एरर देऊ लागते. स्क्रिप्टमध्ये ऑप्शन पूर्ण लिहावेत ते यासाठी.

डीफॉल्ट, म्हणजे वेगळे काही न सांगता होणारे वर्तन, बदलणे सर्वांत जोखमीचे. कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटच्या २०१४ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने ‘पुश’चे (आपले बदल दुसरीकडच्या साठ्यात पाठवण्याच्या आज्ञेचे) डीफॉल्ट बदलले : आधी दोन्हीकडे एकाच नावाच्या असलेल्या सगळ्या शाखा जात, आता फक्त चालू शाखा जाते. त्याआधीच्या आवृत्त्या या बदलाचा इशारा देत होत्या आणि जुने वर्तन हवे असणाऱ्यांसाठी सेटिंगही होते. या दोन्ही सोयी नसताना डीफॉल्ट बदलणे वापरकर्त्यांवर अन्याय करणारे आहे.

इशाराही जपून द्यावा लागतो. ग्रेप चालवण्याची जुनी आज्ञा ‘ईग्रेप’ २००७ पासून कालबाह्य ठरवलेले होते. २०२२ च्या ग्रेप ३.८ पासून ते चालवल्यावर एरर प्रवाहात तसा संदेश येऊ लागला. शोधाचा निकाल तोच राहिला, पण त्या प्रवाहात काहीही आले की अपयश मानणाऱ्या स्क्रिप्ट अडल्या.

काहीच न बदलण्याचीही किंमत असते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये कोडपासून प्रोग्राम बांधणारे ‘मेक’ लिहिले. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू करण्याचा नियम त्यांना लवकरच खटकला, पण तोवर डझनभर वापरकर्ते झाले होते. त्यांचे काम बिघडू नये म्हणून तो तसाच राहिला. टॅबऐवजी स्पेस टाकून नवशिके आजही अडखळतात.

माणसासाठी एक आणि स्क्रिप्टसाठी एक असे दोन चेहरे वेगळे ठेवणे, हा यावरचा सर्वांत टिकाऊ उपाय. फाइलींची यादी देणारे ‘एलएस’ टर्मिनलवर नावे स्तंभांत मांडते, पाइपमध्ये (आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामकडे जाताना) मात्र एका ओळीत एकच नाव देते. ‘एलएस’ ज्या संचात येते त्या कोअरयुटिल्सच्या ८.२५ आवृत्तीपासून स्पेस असलेली नावे अवतरणचिन्हांत दिसू लागली, तीही फक्त टर्मिनलवर. कोणत्या फाइली बदलल्या ते दाखवणाऱ्या ‘गिट स्टेटस’चा ‘पोर्सलेन’ ऑप्शन स्क्रिप्टसाठी स्थिर मांडणी देतो. ती सुधारायची झाली तेव्हा जुनीला हात न लावता दुसरी आवृत्ती मागून घेण्याची सोय केली गेली. डेबियन या लिनक्स प्रणालीत सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ‘ॲप्ट’चे आउटपुट पाइपमध्ये गेले, तर आपला इंटरफेस स्थिर नसल्याचे ते स्वतःच बजावते, स्क्रिप्टसाठी ‘ॲप्ट-गेट’ आहे.